आठव्या वाफ्यातलं मीठ

फाल्गुन वद्य प्रतिपदा, धुळवड. सकाळी साडेसहा. स्थळ: खाडीकाठची मिठागरं. हजर: दत्तू, गॅसबत्त्या भाड्याने देणारा, इस्माईल, सायकल दुरुस्त करणारा, आणि मी, मोजणीच्या कचेरीतला कारकून. गैरहजर: कोणी नाही.

असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. शेवटचे तीन शब्द तेव्हाही खोटे होते. ज्यांनी तिथे असायला हवं होतं, ती सगळी माणसं गैरहजर होती. ती शिमग्यासाठी आपापल्या गावी गेली होती, आणि ती नव्हती म्हणूनच आम्ही तिथे होतो.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं होतील. दर फाल्गुनात ती नव्याने वर येते. खाडीकडून येणारा वारा दुपारी कोरडा होतो, ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागतं. पनवेलात फाल्गुन आला हे कॅलेंडरच्या आधी मला ओठांवर कळतं. मग बाजारात रंगाच्या पुड्यांचे ढीग दिसतात, पोरं पिचकाऱ्यांची चामडी तेलात भिजत घालतात, आणि मी रस्ता बदलून घरी येतो. बायको विचारते, "रंगाचं एवढं काय वाकडं आहे तुमचं?" मी सांगतो, कपडे खराब होतात.

आमच्या आळीसमोर तळं होतं. पलीकडच्या काठावर दुसरी आळी. रंगपंचमीला दोन्ही काठांवर माणसं जमायची आणि पाण्यावरून एकमेकांना ओरडून बोलायची. पलीकडची मंडळी घाटाच्या पायऱ्यांवर पांढरेशुभ्र सदरे घालून मुद्दाम बसायची, कारण त्यांच्यापर्यंत आमचं काही पोहोचत नसे. वळसा घालून कोणी गेला तर ती घरात शिरायची. "या की इकडे, कोरडे आहोत अजून!" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी सव्वीस वर्षांचा झालो होतो, नोकरी लागली होती, लग्नाची बोलणी चालली होती, तरी ते वाक्य ऐकलं की कान तापायचे. एका दुपारी मी कचेरीतली साखळी घेऊन तळ्याची रुंदी काढली. काठापासून काठापर्यंत ती माझ्या पंचाहत्तर पावलांएवढी भरली. एवढा आकडा हाती आल्यावर मला गप्प बसवेना.

दत्तूकडे काच फुटलेली एक गॅसबत्ती होती. बत्तीची पितळी टाकी हवा धरून ठेवते, पंपही तिला अंगचाच असतो. इस्माईलने टाकीच्या तोंडाला नळाला असते तशी एक चावी बसवली आणि चावीपुढे हातभर लांब लोखंडी नळी. नळीत पाण्याने भरलेला फुगा घालायचा, टाकीत हवा भरायची, चावी उघडायची. पहिले तीन फुगे नळीतच फुटले. तिन्ही वेळा नळीच्या तोंडाशी डोळा लावून दत्तू उभा होता.

"हवा जाते कुठे, ते बघत होतो," तो तोंड पुसत म्हणाला.

"हवा बराबर जाते, भाई," इस्माईल म्हणाला. "तुझं डोकं मधे येतं."

पुढचे आठ दिवस आम्ही सुधारणा करत होतो, आणि खरं सांगायचं तर ते आठ दिवस माझ्या तरुणपणातले सर्वांत आनंदाचे आहेत. हे लिहायलाही लाज वाटते, पण आहेत. फुगा नळीत घासून फुटतो म्हणून आतून साबण फिरवला. हवा फुग्याच्या बाजूने निसटते म्हणून इस्माईलने जुन्या चपलेच्या चामड्याची गोल चकती कापून फुग्यामागे बसवली. चावी हळू उघडते आणि जोर वाया जातो, हे माझ्या लक्षात आलं. दत्तूने एका मोटार गॅरेजातून पाव फेऱ्यात उघडणारी चावी आणली. एका टाकीची हवा पुरेना, तेव्हा दोन टाक्या जोडल्या. नळी किती तिरपी धरायची ते मी लाकडी कोनमापक आणि ओळंबा घेऊन ठरवलं. इस्माईलच्या दुकानात रॉकेलचा, रबराचा आणि ओल्या चामड्याचा वास भरून राहिलेला असे. प्रत्येक सुधारणा मी वहीत लिहायचो: काय बदललं, फुगा कुठे पडला, कोणाचा काय अभिप्राय. दत्तूचा अभिप्राय बहुधा छापण्यासारखा नसे.

आता लांब अंतरावर चाचणी घ्यायला हवी होती, आणि ती पलीकडच्या आळीला कळता कामा नये होती. मिठागराची कल्पना माझी. आमच्या कचेरीचं काम तिकडे चाले, त्यामुळे मला जागा ठाऊक होती. एका रांगेत बारा वाफे, सगळे सारख्या मापाचे, मधे हातभर रुंदीचे बांध. प्रत्येक वाफा माझ्या पावलांनी दहा. म्हणजे जमिनीवर आयतीच फूटपट्टी आखून ठेवलेली. फुगा आठव्या वाफ्यात पडला की तळं ओलांडलं.

मिठागरातली सकाळ ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगणं कठीण आहे. वाफ्यातलं पाणी घोट्याएवढंही खोल नसतं, पण त्यात सगळं आभाळ मावतं. पाणी दाट झालं की वर सायीसारखा मिठाचा पापुद्रा धरतो. वारा पडला असेल तर तो पापुद्रा अगदी बारीक आवाज करत तडकतो. बगळे बांधावर उभे राहतात, पाण्यात उतरत नाहीत. या दिवसांत माणसंही उतरत नाहीत. मीठ धरत असताना पाणी हलवायचं नसतं. मिठागरात काम करणारी माणसं त्या दिवसांत बांधावरून चालतानासुद्धा हळू बोलतात. हे मला माहीत होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

पहिला फुगा चांगला उडाला आणि कुठे पडला ते कोणालाच दिसलं नाही. सगळीकडे पाणी, पाण्यात पाणी पडलं. दुसऱ्याचंही तेच. दत्तू म्हणाला, "एवढं मोजून काय उपयोग, मास्तर? अंदाजाने लिहा." मला अंदाजाने लिहिणं जमत नाही. मी म्हणालो, फुग्यात रंग घालू. घट्ट घालू, म्हणजे पडला तिथे डाग दिसेल.

ती कल्पना दत्तूची नव्हती, इस्माईलची नव्हती. इस्माईल तर थांबला होता. "इधर मीठ आहे, भाई," एवढंच तो म्हणाला. मी म्हणालो, एवढ्या पाण्यात चमचाभर रंग कुठे दिसतो? भरतीबरोबर धुऊन जाईल. खरं तर त्या वाफ्यांत भरतीचं पाणी येत नाही. पाणी आधीच्या मोठ्या खाचरांतून मुरत मुरत आणून शेवटी तिथे कोंडलेलं असतं. बाहेर जायला त्याला फक्त ऊन असतं. हेही मला माहीत होतं.

लाल रंग घातला. पांढऱ्या पापुद्र्यावर फुगा फुटायचा तेव्हा जास्वंद उमलल्यासारखा दिसायचा. इतकं सुंदर काही मी माझ्या हातून झालेलं पुन्हा पाहिलं नाही. धुळवडीच्या दिवशी आठव्या वाफ्यापर्यंत मजल गेली, चार फुगे त्यात पडले. दुसऱ्या दिवशी नळी आणि कोन जमून आले आणि आठव्यात एकवीस पडले. बाकीच्या वाफ्यांत एखाददुसरा. पंचविसावा पडला तेव्हा दत्तूने मला उचलून घेतलं.

त्याच दुपारी ती दिसली. लांबच्या बाहेरच्या बांधावरून एक बाई एकटीच चालत येत होती. हिरवं लुगडं, डोक्यावर काही नाही. समुद्राचं पाणी आत घेण्याची जी उघाडी असते, तिच्यापाशी ती वाकली, काहीतरी पाहिलं, फळी दाबून बसवली. मग उभं राहून आमच्याकडे तोंड केलं. आम्ही तिघेही बांधाआड आडवे पडलो. अंगाखाली कोरडी, टोचरी मिठाची खर. दत्तू तोंडात धोतराचा सोगा धरून हसत होता. थोड्या वेळाने मान वर काढली तर ती परत निघाली होती. ती वाफ्यांकडे आलीच नव्हती. बाहेरच्या बांधावरूनच आली आणि तिथूनच गेली.

वद्य तृतीयेला मी नेमासाठी बांधावर रोवलेल्या आमच्या खुंट्या काढायला एकटा गेलो, तेव्हा माणसं परत आली होती. ते बारा वाफे गोमीबायच्या घराकडे होते. गोमीबाय पन्नाशीची, काटक, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. तिचा नवरा गेलेला. मुलगा, सून आणि ती मिळून वाफे करत. मला ती कचेरीमुळे ओळखत होती.

"मोजनीवालं भाऊ, या या! बगा, पानी बगा माजं!" तिने मला हाताला धरून आठव्या वाफ्यापाशी नेलं. पाणी एकसारखं गुलाबी झालं होतं. दाट पाण्याला पिकताना आपसूकच तांबूस छटा येते, हे मिठागरातल्या माणसांना माहीत असतं. त्यांना तो शकुन वाटतो. "यंदा आट दिस आदी पिकलं. सिमग्याला देवीची वटी भरली तिचं फल हाय बगा."

बाजूला तिची सून उभी होती, जनी. तिच्या अंगावर तेच हिरवं लुगडं. ती वाकून पाण्याकडे बघत होती.

"एवडं लाल नसतंय आय," ती शेवटी म्हणाली.

"तुला काय कलतंय? कालची पोर तू."

मी म्हणालो, "छान आहे, गोमीबाय." आणि खुंट्या काखेत मारून निघालो.

रंगपंचमीला आमचा पहिला फुगा तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या घाटाच्या तिसऱ्या पायरीवर फुटला. आमच्या बाजूला असा आरडाओरडा झाला की झाडांवरचे कावळे उठले. पांढरे सदरे पळत सुटले. दत्तू पंप मारता मारता रडत होता. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी वही छातीशी धरून होतो. अजूनही आमच्या आळीत जुनी माणसं त्या दिवसाची गोष्ट सांगतात आणि शेवटी माझ्याकडे हात करतात. मी चहाचा कप उचलून उठून जातो.

चैत्र लागता लागता मला कामासाठी पुन्हा मिठागरात जावं लागलं. बांधावर बारा ढीग होते. अकरा पांढरे. एक गुलाबी, देवाच्या गुलालात वाळू मिसळावी तसा. पाटीत घेऊन खाऱ्या पाण्याने दोनदा धुतलं होतं, तरी तसाच. मालकाचा मुकादम आला होता आणि तो ढीग खाडीत लोटायला सांगून गेला होता. पण मुकादमाचं कोणी फारसं मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. गोमीबाय ढिगाशी बसली होती. जनी लांब, बांधाच्या टोकाला, तोंड फिरवून उभी. दोघींच्या मधे मुलगा महादू, हातात फावडं, कोणाकडेच न बघणारा.

"हिला कावला शिवलेला," गोमीबाय मला म्हणाली. तो नेहमीचा आवाज नव्हता. हळू बोलत होती, घरातलं बाहेर काढल्यासारखी. "सिमग्याला घरात बसवली व्हती. तर ही बया उटून इकडं आली. मीठ धरलेलं. वाफ्यात पाय घातलान. बगा आता."

"नाय घातला," जनी तिकडूनच म्हणाली. "उगाडी वाजत व्हती म्हनून आले. भायेरच्या बांदावरनं आले, तशीच गेले."

"मंग मिटाला रगत कुनाचं?"

हा समज फक्त त्यांचा होता असं कोणी समजू नये. आमच्या घरी आई त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीकडे बघायचीसुद्धा नाही. मी बी. ए.पर्यंत शिकलो होतो आणि त्यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

"तितं तीन मानसं व्हती," जनी म्हणाली. "नली घेऊन. मी बगितली."

गोमीबाय माझ्याकडे वळली. हे मी नीट लिहितो, कारण चोवीस वर्षांत ते कधी कोणाला नीट सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेलं. तुमचं इकडं येनंजानं असतं. तुमी खोटं बोलाचं नाय. सिमग्याला इतं कोन मानसं व्हती का?"

तिने मला पळवाट ठेवली नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती. मला एवढंच म्हणायचं होतं: होय, आम्ही होतो. मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. कचेरीची साखळी न विचारता नेली होती. लग्नाची बोलणी ठरत आली होती. ही कारणं मी तेव्हा मनात मोजली, आणि ती तीनही खरी होती. पण चौथं आणि मुख्य कारण असं की, मी खांद्यावरून उतरायला तयार नव्हतो.

मी म्हणालो, "नाही. सुट्टी होती. कोणी नसणार."

जनीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती बांधावरून चालू लागली, बाहेरच्या बांधावरून, तशीच.

इस्माईलला मी हे सांगितलं तेव्हा तो चाकाच्या तारा आवळत होता. त्याने पाना खाली ठेवला. "चल, आत्ता जाऊ आणि बोलू," तो म्हणाला. मी म्हणालो, थोडं निवळू दे. त्याने पुन्हा पाना उचलला. ती नळी त्याने त्याच आठवड्यात भंगारात घातली, मला न विचारता. त्यानंतर तो माझी सायकल नेहमी नीट करून देत असे, पण दुकानात बस म्हणाला नाही.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी कायम झालो, बढती मिळाली. माझ्या हाताखालची माणसं म्हणतात की साहेबांचं एक काम मागे राहत नाही. रोज सकाळी मी दिवसाच्या कामांची यादी करतो आणि संध्याकाळी एकेक ओळ खोडतो. ही सवय चांगली आहे. तिच्यात एकच खोट आहे: जे काम लिहिलंच नाही ते खोडायचं राहिलं असं कधी दिसत नाही.

गेल्या महिन्यात बाजारात सुकट घ्यायला थांबलो. करंज्याकडची ओली-सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या रांगेत शेवटी एक बाई होती, केस पिकलेले, कपाळावर आडवं गोंदण. तिने माप भरलं, वर एक मूठ टाकली, आणि पिशवी न देता म्हणाली, "मोजनीवालं भाऊ, वलखलं नाय?"

"जनीबाय," मी म्हणालो.

"हां. ज्याम म्हातारं झालात तुमी."

"तू आता मिठागरात नाहीस?"

"नाय. तवापास्नं नाय." तिने हे पावसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. "वाफं आता चुलत दिराकडं हाय. आमी हेच करतो."

भर बाजारात, मागे दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मी तिला सांगितलं. नळी, रंग, आठवा वाफा, बांधाआड आडवे पडलो ते, आणि नाही म्हणालो ते. चोवीस वर्षं मी या वाक्यांची तयारी केली होती. सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

तिने ऐकून घेतलं. एका गिऱ्हाइकाला "थांब गो जरा" म्हणाली.

"माला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तुमी नाय म्हनलात ना, तवाच तुमच्या तोंडाकडं बगून कललं. माला कशाला सांगता? मी वाफ्यात पाय घातला नाय ते माला पयल्यापास्नं म्हाईत हाय. तिला सांगा."

"गोमीबाय आहे अजून?"

"हाय. डोल्यानं दिसत नाय. कानानं समदं ऐकती." ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "अजून माज्या हातचं मीठ घेत नाय. जेवाला बसली का माजी सून वाडते. नवी आलीय, गेल्या सालची. परवा माला इचारते, आय, तुमी का नाय वाडत? म्या काय सांगू तिला? म्हातारी तर सांगंलच एक दिस. मंग ती पोरपन माज्या हातचं घेयाची का नाय, देवाला ठाव." पिशवी माझ्या हातात दिली. "म्हातारी हाय तवर सांगा. ती गेली का मंग तुमी सांगून काय आनि नाय सांगून काय."

मी घरी आलो आणि त्या संध्याकाळी ते काम प्रथमच यादीत लिहिलं. गाव कुठे ते मला ठाऊक आहे. पुलाच्या अलीकडे उतरायचं, बांधाबांधाने अर्धा तास. इस्माईलकडे गेलो. तो आता दुकानात मुलांना बसवतो, स्वतः खुर्चीत असतो. मी बोललो, आणि चोवीस वर्षांनी तो म्हणाला, "बस." मग म्हणाला, "मी येतो. कधी जायचं ते सांग." दत्तूला वाटतं की एवढ्या म्हाताऱ्या बाईला आता कशाला त्रास. दत्तू चांगला माणूस आहे; त्याचं म्हणणं मला फार पटतं, म्हणूनच ते ऐकायचं नाही असं मी ठरवलं आहे.

पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. पुलापाशी उतरलो, बांधावर चढलो. वाफे भरले होते, वर साय धरली होती, वारा पडला होता. पलीकडे घरांच्या ओळीत पहिल्याच पडवीत एक म्हातारी उन्हात बसलेली दिसली, भिंतीला टेकून, तोंड खाडीकडे. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि विचारलं, "कोन हाय?"

मी उभा राहिलो. इस्माईल माझ्याकडे बघत होता. ती पुन्हा म्हणाली, "कोन हाय तितं?"

मी उत्तर दिलं नाही. आम्ही परत फिरलो. पुलावर आल्यावर इस्माईल एवढंच म्हणाला, "पुढच्या इतवारी मी सात वाजता येतो. तू ये, नाही तर नको येऊस. मी सांगून येईन."

उद्या रविवार आहे. सातच्या आत मला त्याच्या दारात असायला हवं. हे त्याने सांगायचं काम नाही. आजच्या यादीतल्या नऊ ओळी खोडून झाल्या. दहावी अशी: गोमीबायला सांगणे, मी होतो.